मिलिमीटरराव

सरळ रस्त्याचा मिलिमीटररावांना मनापासून तिटकारा आहे. द्रुतगती मार्गाने मुंबई किती वेळात गाठली हे कोणी कौतुकाने सांगू लागलं की ते हात झटकतात. "त्यात काय? सरळ तर हातगाडीही जाते!" आणि विषय ताम्हिणी घाटावर नेतात. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या यादीत सापडेल, एरवी ते कोणाच्या लक्षात नाही. बँकेत बऱ्या हुद्द्यावर आहेत, घरी आई, पत्नी आणि इंजिनीअरिंगला असलेली मुलगी. आणि खाली पार्किंगमध्ये सेकंडहँड घेतलेली ऑक्टाव्हिया, १.८ टीएसआय, १८० हॉर्सपॉवर.

अशी माणसं आता पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एखाददुसरी निघतातच. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी लावून लिफ्टकडे जाताना ते एकदा मागे वळून बघतात, आणि तेही सबंध गाडीकडे नाही, तर टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीकडे. ती फट त्यांना कायम जास्त वाटते. चार बोटं आत गेली तर गाडी 'जीपसारखी उभी आहे', दोनच गेली तर 'आता कुठे जरा बसली'. त्या फटीत बोटं घालून उभ्या असलेल्या गृहस्थाला वॉचमनने एकदा टायरचोर समजून हटकलंही होतं.

मिलिमीटररावांच्या मनात एक सल आहे. २०२० साली ऑक्टाव्हियाची आरएस २४५ आली, सबंध देशासाठी फक्त २००. त्या २०० भाग्यवंतांत आपण नाही, हे दुःख ते अजून उगाळतात. नाही मिळाली तर आपणच घडवू, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली. "शेवटी गाडी युरोपियन आहे," ते म्हणतात. वहिनी लगेच दुरुस्त करतात, "शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली आहे. म्हणजे माझ्या माहेरची." वहिनी छत्रपती संभाजीनगरच्या. त्यामुळे गाडीत काही चांगलं निघालं की ते माहेरचं आणि बिघडलं की ते नवऱ्याने केलेलं, अशी वाटणी त्या घरात पूर्वीच झाली आहे. आणि ती अन्यायाची आहे असं मला तरी वाटत नाही.

मिलिमीटररावांचा शत्रू एकच: बॉडी रोल. वळण घेताना गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं, तो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून वर असतो, टायर खाली रस्त्याला धरून असतात, आणि मधे स्प्रिंगा असतात. त्यामुळे वरचा डोलारा झुकणारच. तुम्हाआम्हाला ते जाणवत नाही. मिलिमीटररावांना ते रात्री झोपेत जाणवतं.

आता हा रोल घालवायच्या खर्चाला घरातून मंजुरी मिळवायची म्हणजे तिथे गुरुत्वमध्य वगैरे भाषा चालत नाही. त्यांनी आईंचं नाव पुढे केलं. आईंना घाटात गाडी लागते. कोकणात कुलदैवताला जायचं म्हटलं की आवळासुपारी, लिंबू, प्लास्टिकच्या पिशव्या अशी जय्यत तयारी असते. "आईला गाडी लागते ती रोलमुळे," मिलिमीटररावांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "मागे जाड अँटी-रोल बार टाकला की प्रश्न मिटला." वहिनींनी तो बार म्हणजे काय असं विचारलं. विचारायला नको होतं.

ते तडक ओट्याकडे गेले. लाटणं उचललं, त्याच्या दोन टोकांना दोन डाव सुतळीने आवळून काटकोनात बांधले. "हा झाला बार. हे डाव म्हणजे त्याचे हात, हा डाव्या चाकाला, हा उजव्या. आता दोन्ही चाकं एकदम उचलली," त्यांनी दोन्ही डाव वर केले, "तर बार नुसता फिरला. त्याला काही त्रास नाही. पण वळणावर एकच बाजू दबली तर?" एक डाव त्यांनी मुलीला घट्ट धरायला सांगितला आणि दुसरा वर रेटला. "बघा, आता बारला पीळ बसतो. तो पीळ सोडवायला बार झगडतो, म्हणून गाडी झुकत नाही!" लाटण्याला अर्थातच पीळ बसला नाही. सुतळी सुटली आणि डाव आमटीच्या पातेल्यात पडला. पोळ्या लाटायच्या राहिल्या होत्या, वहिनी हात पुढे करून उभ्या होत्या. पण सिद्धान्त चोख होता, हे मान्य करायला हवं. आणि पुढे त्यांनी सांगितलं तेही खरंच आहे: भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरचा काढून २४ चा टाकला तर वाढ दिसायला दोन मिलिमीटरची, पण बार जवळजवळ ४२ टक्क्यांनी कडक होतो. हा आकडा त्यांनी नंतर एका मुंजीत भटजींनाही ऐकवला.

गाडी गॅरेजला गेली. तिथल्या उस्तादांनी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती झोपाळ्यावर बसल्यासारखी खालीवर करत राहिली. उस्तादांनी खाली वाकून टॉर्च मारला. "साहेब, शॉकअप गेलेत. लोअर आर्मचे बुश फाटलेत. हे बदला, अलाइनमेंट करा, चार टायर चांगले टाका. गाडी अशी बसेल की बार विसराल."

या गृहस्थांच्या जातीला याहून मोठा अपमान नाही. फाटलेला बुश बदलणं म्हणजे देखभाल. देखभाल काय, कोणीही करतं! हवेचा दाब तपासायला त्यांना सवड नसते, परदेशातून बार मागवून कस्टम ड्यूटी भरायला असते. शेवटी बार आला, ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आल्या, आणि रबराच्या जागी पॉलियुरेथेनचे बुश आले. ग्रीस कमी पडलं की ते बुश कुंईकुंई करतात. पार्किंगमधली मांजर पहिल्या आठवड्यात त्यांना उत्तर देत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाची आठवण करून दिली: नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. "स्प्रिंगची उंची आरसीत कुठे लिहिलेली असते?" मिलिमीटरराव म्हणाले. विमा कंपनीला हा प्रश्न विचारायचं मात्र ते टाळतात.

सोसायटीच्या दारातच स्पीडब्रेकर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पसरट असावा असं आहे. आमचा सचिवांनी स्वतः उभं राहून करवून घेतलेला आहे, पोळपाट उभा पुरल्यासारखा. त्यावरून खाली बसलेली गाडी सरळ नेली की चेंबर घासतं. म्हणून ती तिरकी काढायची. तिरकी काढली की एक एक चाक चढतं, आणि एकच चाक चढलं की तो कडक बार लगेच कामाला लागतो आणि धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतो. मग आत बसलेल्यांच्या माना एकदम डावीकडे, मग एकदम उजवीकडे. आईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला: "आधी गाडी मला लागायची, आता रस्त्याला लागते."

पण घाटात गाडी बदलली होती, हे नाकारून चालणार नाही. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी जोरात वळवली की नाक बाहेर टाकते. मागचा बार कडक केला की ते कमी होतं, गाडी वळणात आत शिरते. मिलिमीटरराव रविवारी पहाटे मुळशीच्या बाजूला 'मिसळ खायला' म्हणून जातात आणि दोन तासांनी डोळे चमकवत, उपाशीपोटी परततात. गोम एवढीच, की गाडी झुकेनाशी झाल्यावर त्यांचा वेग वाढला. पूर्वी जिथे गाडी कलली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा, तिथे आता तो ॲक्सिलरेटरवरच राहतो. आणि वळणात अंगावर येणारा बाजूचा जोर बारला विचारून ठरत नाही. त्याच वळणावर वेग दुप्पट केला की तो चौपट होतो. परिणामी गाडी ताठ आणि माणसं आडवी. मागच्या सीटवर वहिनी दाराला, मुलगी वहिनींना आणि आई देवाला धरून. पुढे एकटे मिलिमीटरराव स्टिअरिंगला धरून विचारतात, "जाणवतोय का फरक?"

परवा दिवाळीत मात्र त्यांचा उजवा हात बॅडमिंटनमध्ये मुरगळला आणि कोकणात जाताना स्टिअरिंग मुलीकडे आलं. नवं लायसन्स, घाटात तिसरा गिअर, चाळीसच्या पुढे काटा नाही. मागे एसटी हॉर्न देत होती, तिला तिने हाताने पुढे जायला सांगितलं. मिलिमीटरराव मागे आई आणि वहिनींच्या मधे, गुडघे छातीशी घेऊन. ताम्हिणीची सगळी वळणं उतरून माणगावला चहाला थांबले तेव्हा आवळासुपारीची डबी उघडलीही गेली नव्हती आणि आई घोरत होत्या.

मिलिमीटररावांनी आईंकडे पाहिलं, मग विजयी मुद्रेने वहिनींकडे. "बघ. म्हटलं नव्हतं मी? हा सगळा मागच्या बारचा परिणाम." चहाचा कप टपावर ठेवून ते खाली वाकले आणि डाव्या हाताची बोटं पुढच्या चाकावरच्या फटीत घातली. "आता पुढचा तेवढा बदलायला हवा."