हिमनदीला न्याहारीची वेळ कळत नाही

अलास्काच्या क्रूझला निघालेल्या मंडळींत तिकिटं काढण्याआधीच वाद पेटतो: केबिन डाव्या अंगाची घ्यायची की उजव्या? आमच्या मेहुण्यांनी नकाशावर टाचण्या टोचून उजवी बाजू पक्की केली होती. ग्लेशियर बेपुरता तरी हा वाद फुकट आहे. मार्जरी हिमनदीसमोर पोहोचल्यावर कप्तान जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतो आणि दोन्ही अंगांना सारखंच दर्शन घडतं.

खरा शत्रू बुफे. १७९४ साली कॅप्टन व्हँकूव्हरची माणसं इथे आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. तो बर्फ आता शंभर किलोमीटर मागे सरकलाय. म्हणजे मार्जरी गाठायला जहाजाला काही तास लागतात आणि आपली माणसं ते ऑम्लेटच्या रांगेत घालवतात. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून ध्वनिक्षेपकावरून सांगत असतात, अमुक बाजूला अस्वल, तमुक बाजूला देवमासा. त्याच वेळी आत कोणीतरी विचारत असतं, 'अहो, लोणचं आणलंय ना?' लोणचं खिशात ठेवा आणि डेकवर जा.

कॅमेरा मात्र डेकवरून आत आणताना बॅगेत बंद करून आणावा. थंडीतून आणून उबदार केबिनमध्ये एकदम बाहेर काढला की काचेवर दव धरतं, आणि भरदुपारी पहाटेचं धुकं टिपल्याचं समाधान मिळतं. तिपाई घरीच ठेवा. इंजिनाची थरथर डेकमधून तिच्या पायांत चढते. कठड्यावर कोपर टेकलं तरी तेच. हातात धरा, शटर वेगवान ठेवा. बर्फ करडा येत असेल तर एक्स्पोजर थोडं वाढवा, कारण इतका पांढरा रंग समोर आला की कॅमेरा बिचकून फोटो काळवंडवतो. आभाळ आलं म्हणून मात्र हळहळू नका. दाटलेला जुना बर्फ ढगाळ उजेडातच खरा निळा दिसतो.

कडा कोसळण्याचं गणित वेगळं. एक किलोमीटरवरून आवाज यायला सुमारे तीन सेकंद लागतात. मेहुणे दर गडगडाटाला गर्रकन वळत, आणि दर वेळी त्यांना पाण्यातली वर्तुळं तेवढी मिळत. आवाजामागे धावू नये. जिथून बारीक खडे गळताहेत तिथे कॅमेरा रोखून, गप्पा बंद ठेवून उभं राहावं. गप्पा बंद हेच आमच्या कंपूला जमलं नाही.

बाजूचा वाद घालायचाच असेल तर स्कॅगवेला घाला. सोन्याच्या धामधुमीत, १८९८ मध्ये बांधायला घेतलेली व्हाइट पासची छोटी रेल्वे डोंगर चढते तेव्हा दरी डावीकडे असते. मेहुणे अर्थातच उजवीकडे बसले. वर पोहोचल्यावर बाकांच्या पाठी उलटवून प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात, तेव्हा कुठे त्यांना दरी दिसली. तोवर त्यांनी कातळाचे भरपूर फोटो काढले होते, आणि ते एकूण एक स्पष्ट आले.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं: चौकटीत काहीतरी ओळखीच्या मापाचं असू द्या. मार्जरीचा कडा पाण्यावर सुमारे पंचाहत्तर मीटर उंच आहे, पण ते फोटोला कोण सांगणार? समोर एक छोटी होडी आली की मेहुणे ती जाईपर्यंत थांबत. 'निसर्ग निर्भेळ हवा,' म्हणत. ताईने मोबाइलवर घाईघाईत टिपलेल्या फोटोत ती होडी राहून गेली. तिच्यापुढे तो कडा असा उभा ठाकला की पाहणाऱ्याची मान वर व्हावी. मेहुण्यांची निर्भेळ हिमनदी पुण्यात शेजाऱ्यांनी नीट निरखली, चष्मा पुसून पुन्हा निरखली, आणि विचारलं, 'फ्रीज किती दिवसांत डीफ्रॉस्ट केला नव्हता?'