जागा आहे, नंबर नाही

‘एवढी मोठी हार्ड डिस्क या जुन्या मशीनला चालणार नाही, नवीनच घेऊन टाका.’ काउंटरवर हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि पुष्कळदा ते कॅबिनेटचा एक स्क्रूही न काढता ठोकून दिलेलं असतं. डिस्क न चालण्याला ठरावीक कारणं असतात, ती आकड्यांत सांगता येतात आणि बहुतेकांवर तोडगा आहे. तो लपवून गिऱ्हाइकाला नव्या कॉम्प्युटरच्या खर्चात ढकलणं ही सरळसरळ लबाडी आहे.

कारण समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. डिस्कवर माहितीचे छोटे तुकडे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात, आणि प्रत्येक सेक्टरला एक नंबर लागतो. तलाठ्याच्या वहीत गट नंबरासाठी तीनच आकड्यांची जागा असेल, तर हजाराव्या शेताची नोंद होणार नाही. शेत मात्र असतं तिथेच असतं. जुन्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क अर्धीच दिसते ती याच कारणाने. डिस्क चांगली असते, मशीनही चांगलं असतं, वही अपुरी असते.

आणि ही वही आखणाऱ्यांनी दर वेळी हात आखडता घेतला. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क होती, त्यामुळे सुरुवातीची कंजुषी एक वेळ समजू शकते. पण पुढे काय झालं? बायोसचे (म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) आणि डिस्कचे रकाने एकमेकांशी जुळेनात, म्हणून ५२८ एमबीला अडलं. जुगाड करून ती भिंत ओलांडली, तर पुढची ८.४ जीबीला उभी. काही बायोस ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की सुरू होतानाच अडकून बसत. त्यावर डिस्क कंपन्यांनी काय दिलं, तर एक जंपर, म्हणजे डिस्कच्या पिनांवर बसवायची चिमुकली टोपी! तो लावला की डिस्क स्वतःचं माप कमी करून सांगायची. पैसे भरून घेतलेली जागा गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने झाकायची, हा तोडगा म्हणून खपवला गेला.

सगळ्यात वाईट भिंत १३७ जीबीची. सेक्टरच्या नंबरासाठी २८ बिट ठेवले होते, ते तिथे संपले. २००२ च्या एटीए-६ या डिस्क जोडणीच्या मानकात ते ४८ केले. तेवढ्यात सुमारे १४ कोटी जीबी बसतात. म्हणजे मनात आणलं की पुरेसं ठेवता येत होतं. पण मधल्या काळात मोठी डिस्क आणि सर्व्हिस पॅक न टाकलेलं विंडोज एक्सपी अशी जोडी जमली, की १३७ जीबीच्या पुढे लिहिलेली माहिती फिरून डिस्कच्या सुरुवातीला जाऊन बसू शकायची आणि तिथलं असेल ते पुसून टाकायची. जागा कमी दिसली तर माणूस चिडून गप्प बसेल. घरातले फोटो गेले तर ते कुठलीही कंपनी आणून देत नाही. ज्यांच्याकडे त्या काळातली मशीनं अजून चालू आहेत (छोट्या छापखान्यांत, वर्कशॉपमध्ये आहेत), त्यांनी डिस्क बदलण्याआधी विंडोजवर सर्व्हिस पॅक टाकलेला आहे ना, एवढं जरूर तपासावं.

आता घरोघरी असलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या डेस्कटॉपचं बोलू. साटा केबल असेल तर २ टीबीपर्यंतची डिस्क बहुधा बिनतक्रार चालते. ३ टीबीची लावली की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबी वापरता येतात आणि उरलेले ७४६ नुसते पडून राहतात. दोष एमबीआर या १९८३ च्या पार्टिशन पद्धतीचा. तिच्यात नंबराला ३२ च बिट आहेत. रिकामी डिस्क जीपीटी पद्धतीत बदलली की विंडोज ७ आणि पुढच्यांत पूर्ण जागा वापरता येते. अट एकच: जुन्या बायोसच्या मशीनवर विंडोज अशा डिस्कवरून सुरू होत नाही. म्हणून विंडोज छोट्या एसएसडीवर टाकावं आणि मोठी डिस्क साठवणीला ठेवावी. एसएसडीमुळे मशीनचा वेगही वाढतो. नुसत्या मोठ्या डिस्कने तो फारसा वाढत नाही, कोणी काहीही सांगो.

दुकानातून मशीन घरी आणण्याआधी स्वतः बघण्यासारखं आणखी एक आहे. जुनी डिस्क नव्या डिस्कवर क्लोन करताना, म्हणजे जशीच्या तशी उतरवताना, पार्टिशनचं मापही जुनंच उतरू शकतं. २५० जीबीची डिस्क १ टीबीवर क्लोन केली आणि पार्टिशन वाढवायचं राहिलं, तर पाऊण डिस्क बंद खोलीसारखी पडून राहते आणि मालकाला पत्ताही नसतो. हे काम काही मिनिटांचं आहे आणि ते न करता मजुरी घेणाऱ्याने ती परत करायला हवी. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर मात्र दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तो आकडा बरोबर आहे.

आणि जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. झटपट फॉरमॅट केल्याने तिच्यावरचं पुसलं जात नाही. तुमचं आधार, पासबुकं, मुलांचे दाखले साध्या सॉफ्टवेअरने वर काढता येतात. बिल चुकतं करण्याआधी ती डिस्क परत मागून घ्या आणि नव्या डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडते याची खात्री होईपर्यंत जपून ठेवा.