बरणीबहाद्दर

सांगवीतल्या बऱ्याच सोसायट्यांत एक घर असं असतं, जिथे फ्रीजमध्ये दुधाला जागा नसते. दार उघडलं की वरच्या कप्प्यात किमची, खालच्या कप्प्यात मिसो, दाराच्या खणात हरिसा, ताहिनी, चिमिचुरी आणि आंबवलेल्या मिरचीचा एक सॉस, ज्याचं झाकण उघडण्याआधी लहान मुलांना बाहेरच्या खोलीत पाठवतात. प्रत्येक बरणीला चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, बॅच नंबर आणि मिठाची टक्केवारी. या घरचा कर्ता तो बरणीबहाद्दर. वय पस्तीस ते पन्नास. नोकरी चाकणला, भोसरीला नाहीतर तळेगावला; खातं क्वालिटी, प्रॉडक्शन किंवा परचेस. सहा दिवस भल्या पहाटे कृष्णा चौकात कंपनीच्या बसची वाट पाहतो आणि सातव्या दिवशी जगाचा स्वयंपाक करतो. तो 'भाजी केली' म्हणत नाही, 'ट्रायल घेतली' म्हणतो. पदार्थ बिघडला तर 'लॉट होल्डवर ठेवलाय' असं सांगतो. 'चवीपुरतं मीठ' हे शब्द वाचले की त्याला ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहायला विसरलेला डिझायनर आठवतो. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन असंख्य नवशिक्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. हा मात्र पुस्तक मिटून विचारतो, त्या वाटीचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं होतं?

या माणसाविषयी सोसायटीचं निदान ठरलेलं असतं: परदेशवारीचं खूळ. कंपनीने पंधरा दिवस उल्सानला, नागोयाला किंवा वोल्फ्सबुर्गला पाठवलं, तिथे काहीतरी चाखलं, परत आल्यावर वरणभात गोड लागेना. मला हे निदान पटत नाही. परदेशी तर कोथरूडची माणसंही जातात, बाणेरची तर जास्तच जातात. त्यांच्या घरी मिठाच्या पाण्यात कोबी बुडालेला नसतो. कोरेगाव पार्कात असा पदार्थ हवा झाला तर माणूस हॉटेलात जाऊन मागवतो. सदाशिव पेठेत 'आमच्या लिंबाच्या लोणच्यापुढे काय आहे त्यात' एवढ्यावर विषय मिटतो. पदार्थ तोंडात असतानाच 'हे आपल्याकडे बनवता येईल का, आणि कुठला माल वापरून?' असा प्रश्न पडणं ही नदीच्या या, पिंपरी-चिंचवडच्या बाजूची खोड आहे. ती जिभेतून आलेली नाही, कारखान्यातून आली आहे. बरणीबहाद्दर परदेशाची नक्कल करत नसतो. तो आयात मालाला देशी पर्याय शोधत असतो, आणि या पट्ट्यातली माणसं सत्तर वर्षं हेच करत आली आहेत.

पुरावा पिंपरीतच आहे. मोटारी आणि स्कूटरी इथे नंतर आल्या. या पट्ट्याला कारखानदारीचा चेहरा दिला तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने. 1954 साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन म्हणजे काय, तर मोठमोठ्या टाक्यांत जोपासलेल्या बुरशीची करामत. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाची पायाभरणी आंबवण्याच्या धंद्यावर झालेली आहे. अशा गावच्या माणसाने तांदळावर जपानी बुरशी वाढवली तर त्याला खुळा म्हणण्याआधी इतिहास पाहावा. दुसरा पुरावा आकुर्डीचा. साठच्या दशकात बजाज कंपनी इटलीच्या पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवत असे. 1971 साली तो करार संपला, 1972 साली चेतक आली. सुरुवातीच्या चेतकचा बांधा बराचसा व्हेस्पाचाच होता, पण नाव महाराणा प्रतापाच्या घोड्याचं. पुढे लग्नाच्या बोलण्यांत तिचा विषय निघायचा तेव्हा तिच्या इटालियन माहेराची आठवण कोणी काढली नाही. आधी परवान्याने बनवायचं, मग एकेक भाग इथे घडवायचा, शेवटी आपलं नाव द्यायचं. बरणीबहाद्दराच्या ओट्यावर नेमकं हेच चाललेलं असतं, फक्त स्कूटरच्या जागी कोबी असतो.

त्याची किमची बघा. कोरियन गोचुगारू तिखटाची पुडी महाग पडते, हे परचेसवाल्याला सहन होत नाही. त्या तिखटाचं काम काय? रंग भरपूर, झणका बेताचा. मग ब्याडगी मिरची काय वाईट? हावेरीकडच्या या मिरचीचा लौकिकच रंगासाठी आहे. लांबट चिनी कोबीच्या जागी साधा गड्डा येतो, कोरियन मुळ्याच्या जागी आपला मुळा, मसाला पानांना धरून राहावा म्हणून लागणाऱ्या खळीच्या जागी तांदळाची पेज. माशाच्या सॉसला पर्याय म्हणून सुका जवळा कुटून घालावा का, यावर घरात बैठक होते आणि शाकाहारी गटाच्या विरोधामुळे तो विषय पुढच्या तिमाहीत ढकलला जातो. मिसोत सोयाबीनऐवजी हरभऱ्याची डाळ जाते. खरी अडचण मालाची नसतेच, हवेची असते. कोरियात ही बरणी थंडीच्या तोंडाशी भरून जमिनीत पुरून ठेवत. तिथल्या गारठ्यात ती महिनोन् महिने सावकाश आंबे. सांगवीतल्या एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलेली तीच बरणी फर्स्ट शिफ्ट संपायच्या आत फसफसून झाकणाशी भांडू लागते. मग बहाद्दर रीतसर रूट कॉज काढतो. पाच वेळा 'का?' विचारतो. पाचव्या 'का?'चं उत्तर 'एप्रिल' असं येतं आणि सुधारात्मक उपाययोजनेचा रकाना रिकामा राहतो.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा. खरोखर सोलला जाऊन आलेला एखादा शेजारी एक घास खाऊन सांगतो, 'तिथली चव नाही हो.' नसेलच. पण 'तिथली' म्हणजे कधीची? कोरियात मिरची पोचली तीच सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, अमेरिका खंडातून निघून अर्ध्या जगाला वळसा घालून. त्याआधीची किमची लाल नव्हती. जर्मनीचा करीवुर्स्ट घ्या. 1949 साली हेर्टा हॉयवर नावाच्या बाईने बर्लिनमध्ये सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घातली. ती पावडर म्हणजे आपल्या मसाल्याविषयी इंग्रजांची झालेली समजूत. तीच समजूत आज जर्मनांचा राष्ट्रीय खाऊ आहे. 2009 साली चाकणला कारखाना सुरू करणारी फोक्सवॅगन कंपनी तर 1973पासून वोल्फ्सबुर्गला स्वतःचं सॉसेज बनवते. त्याला 199 398 500 ए असा सुट्या भागाचा क्रमांक आहे, सोबतच्या केचपलाही क्रमांक आहे, आणि काही वर्षी तर फोक्सवॅगनच्या गाड्यांपेक्षा ही सॉसेजंच जास्त खपली. बरणीवर बॅच नंबर घालणाऱ्याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि लांब कशाला जायचं? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची हे चारही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. त्यांची खिचडी खाऊन आपण आषाढी एकादशी पाळतो. विठोबाने अजून हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

खर्चाचा आक्षेप किरकोळ आहे. विकतच्या बाटलीपेक्षा घरची बाटली महाग पडते, हे खरं. सप्लायरशी दहा पैशांसाठी तासभर घासाघीस करणारा हा माणूस तिळाची ताहिनी वाटताना मिक्सरचं भांडं जाळतो आणि त्याचा हिशेब खर्चात धरत नाही. पण दिवाळीच्या चकल्याही दुकानात स्वस्त आणि एकसारख्या मिळतात. घरी का करतो, याचा ताळेबंद आपण तरी कुठे मांडतो?

'ते कुजलंय, टाकून द्या' या वडीलधाऱ्यांच्या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे, फक्त ते चुकीच्या बरणीला लागतं. कुरडईसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांनी किमचीच्या वासाला नाक मुरडू नये. किमचीत वजनाच्या दोन-तीन टक्के मीठ असतं आणि आंबताना तयार होणारं आम्ल बाकीची राखण करतं. आपल्या कैरीच्या लोणच्यात कैरीचा आंबटपणा, भरपूर मीठ आणि वर तेलाचा थर असा तिहेरी बंदोबस्त असतो. धोका आहे तो बहाद्दराच्या सर्वांत निरुपद्रवी दिसणाऱ्या बाटलीत, ऑलिव्ह तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेल्या लसणीच्या पाकळ्यांत. तिथे ना आम्ल, ना मीठ, आणि तेलामुळे हवाही नाही. बोट्युलिझमच्या जंतूला याहून चांगली सोय दुसरी नाही. ती बाटली फ्रीजमध्येच हवी, तीही चार दिवसांपुरती. पीएच 4.6च्या खाली असला की हा जंतू वाढत नाही, हे बहाद्दराला पाठ असतं आणि पीएच तपासायच्या पट्ट्या त्याच्या खणात असतातच. पण या बाटलीला पट्टी नाही, फ्रीज लागतो.

उरतो तो भांड्यांचा आक्षेप. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कुणी उत्तर दिलं तर मी ते मान्य करणार नाही. एका वाटीभर चिमिचुरीसाठी हा माणूस दोन पातेली, तीन चाळण्या, मिक्सरची सगळी भांडी, पोळपाट (का, ते विचारू नये) आणि दहीहंडीला शोभतील इतक्या वाट्या वापरतो. कंपनीत तो फाइव्ह एसचं ट्रेनिंग देतो: नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसून लख्ख करा. भिंतीवर तक्ता असतो, त्याखाली त्याची सही असते. हे पाचही एस तो संध्याकाळी हेल्मेटबरोबर गेटवरच जमा करून येत असावा. आणि प्रश्न फक्त घासण्याचा नाही. त्याच ओट्यावर कोणीतरी वर्षानुवर्षं गोडा मसाला भाजतं, मेतकूट दळून आणतं, सांडगी मिरची ताकात मुरवून वाळवतं, कारळ्याची चटणी कुटतं, आणि शिवाय रोज सकाळी पोळ्या लाटतं. त्या बरण्यांवर बॅच नंबर नसतो. त्यांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर येत नाहीत. तिने केला तर तो स्वयंपाक, त्याने केला तर प्रयोग. तिच्या मसाल्याला 'यंदा जरा करपलाय' असा शेरा, त्याच्या फसलेल्या सॉसला टाळ्या. बरणीबहाद्दर बायकाही असतात, भरपूर असतात. बरणीवर टक्केवारी लिहीत नाहीत म्हणून त्या नजरेत भरत नाहीत, एवढंच. तेव्हा निवाडा साधा आहे: बरण्या कितीही भराव्यात, पण ओटा पुसून झाल्याशिवाय लॉट पास झाला असं समजू नये.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळाच आहे. बहाद्दर व्हेस्पापर्यंत येतो आणि थांबतो. किमचीची तिसरी ट्रायल जेमतेम जमली की त्याला जपान खुणावतं. मिसो मुरायच्या आत तो ट्युनिसियाला पोचलेला असतो. चेतक यायच्या आधी आकुर्डीने वर्षानुवर्षं तीच एक स्कूटर बनवली होती, हे तो विसरतो. देशी पर्याय सिद्ध झाला हे कधी म्हणायचं? करणारा गावाला गेला असताना घरातल्यांना त्या बरणीची आठवण झाली म्हणजे. या कसोटीवर त्याच्यापेक्षा डोशाच्या गाडीवरचा माणूस सरस ठरतो. त्याची शेजवान चटणी चीनच्या सेचुआन प्रांतात कोणी ओळखणार नाही; जिभेला मुंग्या आणणारी तिथली मिरी तिच्यात औषधालाही नाही. पण ती चटणी डोशात गेली, फ्रँकीत गेली, पोरांच्या डब्यात पोळीवर फासली गेली, आणि आता ती आपली आहे. गंमत म्हणजे त्या सेचुआनी मिरीची सख्खी भावकी आपल्या कोकणात आणि गोव्यात आहे: बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ. बहाद्दर परदेशी पुडी मागवण्यासाठी तीन आठवडे कुरिअरची वाट पाहतो आणि देवगडहून मामेभावाने पाठवलेली तिरफळं त्याच्याच घरात वरच्या डब्यात पडून असतात. ब्याडगीपर्यंत पोचलेल्या माणसाला तिरफळ सुचू नये, याचं मला वाईट वाटतं.

शेजारपाजाऱ्यांनीही थोडं सहकार्य करायला हवं. रविवारी संध्याकाळी त्याने बरणी आणून दिली तर 'अरे वा, काहीतरी वेगळं!' असं कृपा करून म्हणू नका. 'वेगळं' हा शब्द कानावर पडला की तो लगेच पुढच्या देशाला निघतो. बरणी घ्या, दोन दिवस जेवताना खा, आणि जिन्यात भेटला की सांगा, 'मागच्या महिन्यात दिलं होतंस ना, तेच पुन्हा आण. मीठ जरा कमी घाल.'