पॉइंट नव्हे, गाव बघा

रत्नागिरीला येणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. टिळकांचं जन्मघर, दहा मिनिटं. थिबा राजवाडा, वीस मिनिटं आणि सगळ्यांचा एक फोटो. दुपारी मासळीचं ताट, संध्याकाळी थिबा पॉइंटवर सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे. झाली रत्नागिरी बघून!

नाही झाली. तुम्ही दोन घरं बघितलीत. त्यांना जोडणारी गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नाही आणि तुम्हीही विचारली नाहीत.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा, त्याची राजधानी मंडाले. 1885च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला तिथून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. मंडाले त्याला पुन्हा दिसलं नाही. याच रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या टिळकांना 1908 साली राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांना कुठे धाडलं? मंडालेला! मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेच्या तुरुंगात. 1910-11च्या हिवाळ्यात टिळक तिथे ‘गीतारहस्य’ लिहीत होते आणि साधारण त्याच सुमारास थिबा इथल्या नव्या राजवाड्यात राहायला आला होता. समुद्रापलीकडे नेऊन टाकलं की माणूस संपतो, असा सरकारचा हिशेब होता. टिळकांनी तो चुकवला. थिबाला ते जमलं नाही.

हे माहीत असेल तर राजवाडा वेगळा दिसतो. त्या अर्धगोल खिडक्या, रंगीत काचा, खाली पसरलेली खाडी, हे सगळं एका कैद्याच्या वाट्याला आलं ते कैदेची चोवीस वर्षं उलटल्यावर. तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर 1916 मध्ये वारला. त्या घराला राजवाडा म्हणताना माझी जीभ अडखळते.

शहरातच थिबाची समाधी आहे. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम वाट वाकडी करून तिथे आले होते. आपल्या सहलींच्या यादीत मात्र ती सापडत नाही. थिबाच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू तर याच गावात वाढली, मराठी बोलली, गोवऱ्या थापून आणि कागदाची फुलं विकून जगली. राजाची नात! ही गोष्ट राजवाड्यातल्या संग्रहालयाच्या पहिल्याच दालनात, मराठीत, मोठ्या अक्षरांत हवी.

 

जन्मघर आणि राजवाडा, दोन्ही राज्य संरक्षित स्मारकं आहेत. मग दोन्हीकडे एकमेकांची ओळख करून देणारी एकेक ठळक पाटी लावायला कितीसा खर्च येईल? चार ओळी पुरेत.

आणि तुम्ही, पुढच्या खेपेला टिळक आळीतल्या जन्मघरातून निघा, राजवाड्यात तासभर थांबा, मग समाधीपाशी जा. मुलं बरोबर असतील तर नकाशावर मंडाले शोधायला सांगा. सूर्यास्त एक दिवस चुकला तरी चालेल.