राहिले की गेली?

महालक्ष्म्या जेवून गेल्या, गणपती गेले, पितृपक्ष अर्धा सरला, तरी शेजारच्या वहिनींची पाळी काही आली नाही. ही बातमी मला कंपाउंडच्या भिंतीवर सोयाबीनच्या पाठोपाठ मिळाली. आमच्या वाशिमकडे या दिवसांत पहिली बातमी सोयाबीनचीच असते. शेंगा भरल्या का, पाऊस सोंगणीत खोडा घालतो का, भाव काय निघेल, हे झालं की मग माणसांची पाळी येते.

“ताई, एक इचारू? कोणाले सांगू नका.”

‘कोणाले सांगू नका’ एवढं म्हटलं की मागच्या अंगणातल्या काकू भिंतीपाशी आपोआप उगवतात. वय अडुसष्ट, हातात सूप, सुपात नवे मूग. पाखडणं चालू ठेवूनच त्यांनी निकाल दिला.

“दिवस राह्यले असतीन.”

“काकू, काहीतरी काय बोलता! पोरगी पुण्याले इंजिनिअरिंगले हाये. अन् ऑपरेशन झालं नं माहं, पोट्ट्याच्या पाठीवर.”

“मंग गेली.”

काकूंच्या शास्त्रात दोनच कप्पे. एक तर दिवस राहिले, नाहीतर पाळी गेली. आणि नुसत्या काकूंना कशाला बोल लावायचा, चव्वेचाळिशीतल्या वहिनींच्याही डोक्यात हेच दोन कप्पे होते आणि दोन्हींची त्यांना सारखीच भीती वाटत होती. राहिले असतील तर पोरीला तोंड कसं दाखवायचं. गेली असेल तर म्हातारपण दारात.

वहिनींनी कालनिर्णय काढून आणलं. बाईचा खरा दवाखान्याचा कागद तोच. चौकोनाचौकोनात दुधाचा हिशेब, ‘एक’, ‘अर्धा’, ‘नाही’, आणि कोपऱ्यात लाल पेनाची बारीक टिकली. मार्च-एप्रिलपर्यंत टिकल्या शिस्तीत. मे महिन्यात मात्र दोन. जूनच्या पानावर एकही नाही. जुलैच्या शेवटी एक. आणि ऑगस्ट संपता संपता सुरू होऊन सप्टेंबरात गेलेल्या निळ्या फुल्या.

“ह्या फुल्या कायच्या?”

“गोळ्यांच्या. महालक्ष्म्यांसाठी घेतल्या नव्हत्या का, पुढं ढकलायच्या.”

इथं गोष्ट उलगडायला लागली. महालक्ष्म्यांच्या आधी आपल्याकडे मेडिकलवर ‘ती गोळी’ एवढंच म्हटलं तरी पुडी हातात पडते. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. ही गोळी गर्भाशयाचं आतलं अस्तर धरून ठेवते. थांबवली की दोनतीन दिवसांत, फार तर आठवडाभरात, अस्तर सुटतं आणि पाळी येते. आली नाही तर गर्भ आहे का हे सगळ्यात आधी बघायचं. गर्भ नसेल तर त्या महिन्यात अस्तरच नीट धरलं नसेल, कारण या वयात अस्तर वाढवणारं संप्रेरक काही महिने कमी पडतं. देवीला बाईची पाळी चालत नाही हे मला आजवर पटलेलं नाही, पण त्या भांडणात इथं शिरत नाही. वहिनींना सासू आहे.

वहिनींची अडचण वेगळीच होती. “घट बसतीन आता. पुन्हा गोळ्या घेऊ का?” जी पाळी आलेलीच नाही ती पुढं ढकलायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पोटात काय आहे ते कळेपर्यंत एकही गोळी घ्यायची नाही, हे मात्र मी दरडावून सांगितलं.

“पण ऑपरेशन झालं नं!” वहिनी पुन्हा तिथंच.

महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे बहुतेक करून बाईचंच ऑपरेशन. पुरुषांची नसबंदी सोपी, बिनटाक्याची, पण तिचं नाव काढलं की भल्याभल्यांना शेतात काम निघतं. बाईचं ऑपरेशन भरवशाचं असतं यात शंका नाही. तरी बांधलेली नळी हजारातल्या काही जणींमध्ये, वर्षांनीसुद्धा, दगा देते. आणि दगा दिला की गर्भ गर्भाशयाऐवजी नळीतच रुजण्याचा धोका जास्त. ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि पोटात एका बाजूनं कळ येऊ लागली, डाग दिसले, चक्कर आली, तर भिंतीवर गप्पा मारायच्या नसतात, गाडी काढायची असते. वहिनींना यातलं काही नव्हतं. मळमळ होती, थकवा होता, उगाच रडू येत होतं. गंमत अशी की ही तिन्ही लक्षणं काकूंच्या दोन्ही कप्प्यांत बसतात.

काकूंनी तोवर माहेर काढलं. त्यांची आई आणि थोरली बहीण एकाच साली बाळंत झाल्या, एकाच खोलीत, एकाच शेगडीवर शेकत. मामा भाच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान. “माय तवा पंचेचाळीसची होती. कोणी हासलं नाही. शेंडेफळ म्हनत, शेंडेफळ!” कोणी हसलं नाही हे खरं असेल. पण त्या माउलीला किती बाळंतपणं झाली आणि किती लेकरं जगली, ते मी विचारल्यावर काकू मूग जरा जोरात पाखडू लागल्या. पंचेचाळिशीत दिवस राहणं दुर्मीळ, पण अशक्य नव्हे. राहिले तर गर्भपाताचा, रक्तदाबाचा, साखरेचा धोका वाढतो. आणि नको असेल तर कायदा बाईच्या बाजूनं आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, गर्भनिरोधन फसलं हे कारण त्याला चालतं, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही आणि तिचं नाव गुप्त ठेवावं लागतं. हे शेवटचं वहिनींनी दोनदा विचारून घेतलं.

आता तपासणी. आशाताईकडे सरकारी ‘निश्चय’ किट असतं, फुकट मिळतं. पण आमच्या भागातली आशाताई वहिनींच्या नणंदेची मैत्रीण. मेडिकलवाला नवऱ्याच्या वर्गातला. छोट्या गावात दवा सापडते, आडोसा सापडत नाही. मी आणते म्हटलं तर, तुम्ही घेतलेलं म्हणजे माझ्यासाठीच हे कोणीही ओळखेल, असं वहिनींचं म्हणणं.

“मी आनतो,” काकू म्हणाल्या. “माह्यावर कोन शंका घेते?”

आणि गेल्या. मेडिकलवाल्यानं विचारलं, आजी, कोणासाठी? काकूंनी पदर सावरून सांगितलं, “माह्यासाठी.” दुकानातली गर्दी पांगेपर्यंत म्हणे तो बिचारा हसणं दाबत पैसे मोजत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लघवीवर तपासणी झाली. प्लॅस्टिकची पट्टी, तिच्या एका टोकाला खळगा, त्यात ड्रॉपरनं तीन थेंब. पाच मिनिटं थांबायचं. ‘सी’पाशी एक रेघ उमटायलाच हवी, तिच्यावरून पट्टी चालू आहे हे कळतं. ‘टी’पाशी दुसरी उमटली तर गर्भ आहे. वहिनी पट्टी रुमालात गुंडाळून भिंतीशी आल्या. रेघ एकच.

“एकच?” काकू चष्मा वर करत म्हणाल्या. “अर्धी खराब निघाली काय? पैसे तं पुरे घेतले त्यानं.”

आठवड्यानं पुन्हा केली, पुन्हा एकच. तोवर वहिनींच्या जावेचा फोन येऊन गेला होता. सल्ला तयारच: पिशवी काढून टाक, एकदाची कटकट जाते. मला या वाक्याची चीड आहे. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेला आकडा माझ्या अजून लक्षात आहे. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. पाळी आली की मजुरी बुडते, खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीच नको. गाठ असेल, रक्तस्राव कशानंच थांबत नसेल, तर ऑपरेशन करावं लागतं, ते वेगळं. पण पाळी मागंपुढं झाली म्हणून पिशवी काढायची? सोबत अंडाशयंही गेली तर पस्तिशीच्या बाईला एका दिवसात साठीची हाडं मिळतात. जावेला हे कोणी सांगावं?

वहिनी शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी झाली. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यात नवल नाही, बाकी ठीक. बाईंनी सांगितलेलं वहिनींनी भिंतीवर जसंच्या तसं उतरवलं. पाळी जाते ती एका रात्रीत नाही, आधी चारपाच वर्षं अशीच रेंगाळते, कधी महिन्यात दोनदा, कधी तीन महिने पत्ता नाही. सलग बारा महिने आली नाही, तरच ‘गेली’ म्हणायचं, म्हणजे गेली हे कळायला वर्ष लागतं. आपल्याकडे ती साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या सुमारास. चाळिशीच्या आत गेली तर मात्र तपासायलाच हवं. रात्री अंगातून भपकारे निघतात, घामानं जाग येते, चिडचिड होते, तेही याच हिशेबातलं, आणि त्यावर औषध आहे. आणि ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी या वर्षांत बेफिकीर राहू नये. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढं दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर एक वर्ष.

“म्हंजे मी कोनत्या कप्प्यात?” वहिनींनी विचारलं.

“मधात,” मी म्हटलं.

काकूंना हा ‘मधात’ अजिबात पसंत पडला नाही. “आमच्या टायमाले असं मधात-बिधात नव्हतं. माही गेली तं गेली, अठरा वर्सं झाले. अन् आता मागच्या महिन्यात दोन-चार येळा डाग दिसला, तं म्या काय डॉक्टर केला? उष्णता असन म्हटलं, सब्जा पेलो.”

वहिनींनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

“काकू, डाग? रक्ताचा?”

“हाव. त्यात काय एवढं?”

त्यात बरंच काही असतं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो पाळीचा नसतो. पुष्कळदा आतलं अस्तर पातळ झाल्यामुळे असतो, पण गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना, हे आधी बघावं लागतं, आणि असलाच तर लवकर सापडलेला बरा होतो. मी हे शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. वहिनींनी मऊ आवाज वगैरे काही ठेवला नाही.

“उद्या सकाळी माह्यासंग चला. मी नंबर लावतो.”

“उद्या कशी येऊ? उडदाची रास घरात पडली हाये. परवापासून सोंगनीले मजूर येतीन, त्याईचा सैपाक कोन करन?”

“मी करीन.”

“तुले जमते वीस मान्साच्या भाकरी?”

“जमते. आधार कार्ड कुठी ठेवलं ते सांगा पयले.”