सर, एरर आलाय!

नाशकातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सी शिकवायला मदत करतो. डेनिस रिचींनी १९७२च्या सुमारास ही भाषा घडवली. तिच्यातला सेमीकोलन विसरायची परंपरा आमची मुलं नेटानं चालवतात.

"सर, एरर आलाय!"

"काय लिहिलंय त्यात?"

"ते नाही वाचलं."

सेमीकोलन राहिला की कम्पायलर कधीकधी पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. मग निर्दोष असलेली तीच ओळ तीनतीनदा टाइप होते. प्रॅक्टिकलचं जर्नल मात्र बघत राहावं असं: मोत्यासारखं अक्षर, चौकटीत आखलेलं आउटपुट, तेही प्रोग्राम चालण्याआधीच! एका जर्नलात तर मित्राचा रोल नंबरही इमानदारीनं उतरला होता.

पण मास्तरांची सही जर्नल बघूनच मिळणार असेल, तर मुलांनी स्क्रीनकडे बघायचं कशाला? मास्तरांनो, आधी मुलांकडून एरर वाचून घ्या, मग सही करा.