किल्ली कोणाच्या कनवटीला?

मराठी माणूस पाकिटाच्या बाबतीत मुळात सावध. लोकलमध्ये शिरण्याआधी मागच्या खिशातलं पाकीट पुढे घेतो, जत्रेत नोटा तीन ठिकाणी विभागतो, भाजीवाल्याने दिलेली मोड दोनदा मोजतो. हाच माणूस क्रिप्टो घ्यायला निघाला की भाचा सांगेल ते ॲप उतरवतो, आधार-पॅनचे फोटो चढवतो, 'अटी मान्य' वर टिचकी मारतो आणि निर्धास्त घोरतो. अशा धाडसी वाचकांना सुरक्षित ऑनलाइन पाकीट निवडायला मदत करणं हे या सदराचं कर्तव्यच आहे.

आधी एक खुलासा. या पाकिटात पैसे नसतात. नाणी असतात ब्लॉकचेन नावाच्या जगजाहीर खतावणीत, आणि पाकिटात असते ती खतावणीतली आपली नोंद हलवण्याची किल्ली. ती ज्याच्या हाती, त्याची नाणी. म्हणजे 'कोणतं पाकीट चांगलं' हा प्रश्नच फसवा. किल्ली कोणाच्या कनवटीला असलेली परवडेल, एवढंच ठरवायचं.

पहिला पर्याय, किल्ली कंपनीकडे. मध्यमवर्गाला हाच भावतो. पासवर्ड विसरलात तर ओटीपी येतो, अडलात तर चॅटवर कोणीतरी नम्रपणे वाट पाहायला सांगतं. जाहिरातीत 'बँकेसारखी सुरक्षा' असं लिहिलेलं असतं. आमच्या इमारतीत सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर राहतात. त्यांनी हे वाक्य वाचून एकच विचारलं, "कोणत्या बँकेसारखी?" २०१९च्या सप्टेंबरात घोटाळ्यात अडकलेल्या पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती, हे त्यांच्या लक्षात आहे. तरी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. क्रिप्टोच्या पाकिटाला तेही नाही. तिथे कवच म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरचं ढालीचं चित्र.

ढाल किती जाड असते, ते वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या ग्राहकांना १८ जुलै २०२४ रोजी कळलं. एका दिवसात २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे दोन हजार कोटी रुपये गेले. पाकीट साधंसुधं नव्हतं. सहा जणांच्या सह्यांची व्यवस्था होती. पाच सह्या कंपनीच्या, एक राखणदार कंपनीची. कंपनीच्या तिघांनी संमती द्यायची, मग राखणदाराने शेवटची मोहोर उठवायची. ऐकून कॅशियरसाहेब खूश झाले. "अहो, ही तर आमची जॉइंट कस्टडी! तिजोरीची एक किल्ली मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. एकट्याला उघडताच यायची नाही."

"मग चोराने ती फोडली कशी?" मी विचारलं.

फोडली नाही, हीच तर गंमत. चोराने रीतसर सह्या मिळवल्या. कंपनीचं म्हणणं असं की पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही झाली ती दुसऱ्याच व्यवहारावर. त्या सहीने पाकिटाचा ताबाच चोराकडे गेला. पुढे वझीरएक्सने तज्ज्ञांकडून आपले लॅपटॉप तपासून घेतले, ते निर्दोष निघाले. राखणदारानेही तपासणी करवली, त्याचीही यंत्रणा निर्दोष निघाली. सगळे निर्दोष, फक्त दोन हजार कोटी बेपत्ता. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून बोट दाखवलं ते उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे. दादरच्या माणसाची बचत लुटायला प्याँगयांगहून कोणी येईल, अशी शंका एकाही पाकीटमार-विरोधी सूचनाफलकावर लिहिलेली नव्हती.

ग्राहकांनी दाद मागायची तर प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. कंपनीचा खरा मालक कोण यावर तर २०२२पासूनच बायनान्स या बड्या एक्स्चेंजशी जाहीर भांडण चालू होतं. मंच पुन्हा उघडला तो ऑक्टोबर २०२५मध्ये. तोवर सव्वा वर्ष लोक ॲप उघडून आपली नाणी नुसती पाहत होते.

कोणी म्हणेल, हे आपल्याकडचंच. मुळीच नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. तिथेही बहुसह्यांचं पाकीट, तिथेही पडद्यावर नेहमीचा व्यवहार, तिथेही अनुभवी हातांच्या सह्या. "न वाचता सही!" कॅशियरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "एवढं करायला त्यांना कॉम्प्युटर कशाला लागला? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हे काम वही-पेनावर होतं."

बरं, सह्यांची भानगडच नको, एकच जबाबदार माणूस असावा? तोही प्रयोग झाला आहे. क्वाड्रिगा या कॅनडातल्या एक्स्चेंजचा संस्थापक डिसेंबर २०१८मध्ये जयपूरला वारला. पाकिटांचे पासवर्ड एकट्या त्यालाच ठाऊक होते, असं सांगण्यात आलं. हजारो ग्राहक हवालदिल झाले. २०२०मध्ये ओंटारिओच्या नियामकाचा अहवाल आला, त्यातून कळलं की ग्राहकांचा पैसा साहेबांनी हयातीतच उडवला होता. पासवर्ड सापडला असता तरी आत काय सापडलं असतं?

मग किल्ली सरकारजमा असलेली बरी? त्यासाठी पुणे गाठावं. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या घोटाळ्याच्या तपासात आरोपींची पाकिटं उघडायला पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञ बोलावले, त्यांतले एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२मध्ये त्या दोघांनाच अटक झाली. आरोप असा की उघडलेल्या पाकिटांतली नाणी त्यांनी आपल्याकडे वळवली. न्यायालय काय ते ठरवेल. आपण इतकंच शिकायचं की पाकीट उघडून देणाऱ्याचंही पाकीट असतं.

उरला दुसरा पर्याय, किल्ली स्वतःकडे. इथे पाकीटच तुम्हाला बारा किंवा चोवीस साधे शब्द देते. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले हे शब्द म्हणजेच तुमची सारी इस्टेट. फोटो काढू नका, फोन तो क्लाउडवर पाठवेल. ईमेलमध्ये ठेवू नका, ईमेल फुटेल. कागदावर लिहा आणि कागद जपा. ज्या घरात गॅसचं पुस्तक दर दिवाळीला हरवतं, त्या घरात! शिवाय विसरलात तर मॅनेजर नाही, शाखा नाही, लोकपाल नाही. वेल्समधल्या एका गृहस्थांची आठ हजार बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३मध्ये कचऱ्यात गेली. नगरपालिकेने कचरा डेपो उकरू दिला नाही, आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयानेही दावा फेटाळला.

या सगळ्या धामधुमीत एकच भागीदार शंभर टक्के सुरक्षित आहे, प्राप्तिकर खातं. नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीवर एक टक्का टीडीएस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही. किल्ली न बाळगता, सही न करता, रात्रीची झोप न घालवता वाटा मिळवणारं हे एकमेव पाकीट. दुर्दैवाने ते सामान्यांना उघडता येत नाही.

तरीही हौस असेलच तर कॅशियरसाहेबांचा सल्ला ऐका. मंच केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदलेला आहे का ते पाहा, पण ती नोंदणी मनी लाँडरिंगच्या कायद्यासाठी असते, भरपाईची हमी म्हणून नव्हे. खरेदी-विक्रीपुरतीच रक्कम ऑनलाइन ठेवा. मोठी रक्कम इंटरनेटपासून तोडलेल्या हार्डवेअर पाकिटात ठेवा, आणि ते थेट उत्पादकाकडूनच घ्या. नव्या पत्त्यावर आधी थोडे पैसे पाठवून बघा. सही करण्यापूर्वी उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता अक्षरन्‌अक्षर वाचा, घाई असेल तर सही उद्या करा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लावा. आणि 'खातं पडताळायचं आहे, बारा शब्द सांगा' असं म्हणणारा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवून द्या. खऱ्या कंपनीला ते शब्द कधीच लागत नाहीत, ते लागतात फक्त चोराला.